क्रिप्टोचा पैसा नेमका कुठं अडतो? एका नेटवाल्याचं पत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात क्रिप्टोची चर्चा आता चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडं चालू असते आणि त्यात दोन वाक्यं मला सारखी ऐकायला मिळतात. एक, हॉल भाड्यानं घेऊन मीटिंगा लावणारे एजंट सांगतात ते, की ह्या पैशाला जगातलं कुठलंच सरकार हात लावू शकत नाही. आणि दुसरं, घरातली मोठी माणसं सांगतात ते, की सरकारनं मनात आणलं तर एका दिवसात सगळं बंद करेल आणि शिवाय नेटवाले लोक मधल्या मध्ये पैसे काढून घेतील. मी शहापूर-वडगाव भागात आधी केबलचं आणि आता फायबरचं काम करतो, त्यामुळं लाइनीतनं काय जातं, काय दिसतं आणि काय अडवता येतं हे मला रोजच्या कामातनं माहीत आहे, आणि ह्या दोन्ही वाक्यांवर विश्वास ठेवून आपली माणसं अडचणीत यायला लागली आहेत म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जागा द्यावी ही विनंती.

परवा वडगावात एका घरी मिलिटरीतनं रिटायर झालेल्या एका काकांनी मला राउटर लावता लावता विचारलं, "काय ओ, आमचा पोरगा मोबाइलवरनं ते यूएसडीटी का काय ते पाठवतोय, ते तुमच्या लायनीतनंच जातंय की, मग तुम्हाला दिसतंय काय? आणि दिसत असलं तर अडवता येतंय काय?" यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं एक क्रिप्टो. प्रश्न एकदम मुद्द्याचा होता. तर आधी दिसण्याचं सांगतो. कुठल्या कनेक्शनवरनं, किती वाजता, कुठल्या आयपी पत्त्याशी, म्हणजे नेटवरच्या नंबरी पत्त्याशी, संपर्क झाला आणि किती डेटा गेला एवढं मला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीच्या नोंदीत येतं. लायसन्सच्या अटीप्रमाणं ह्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ मध्ये वाढवलं. एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचं, अ‍ॅप उघडलं तर त्या साइटचं नावसुद्धा बहुतेक वेळा कळतं, कारण साइटचा पत्ता विचारायची जी पहिली चौकशी जाते, तिला डीएनएस म्हणतात, ती अजून बहुतेक घरांतनं उघडीच जाते. पण आत काय चाललंय, किती पाठवले, कुणाला पाठवले, पासवर्ड काय टाकला, हे कुलूपबंद असतं, ते मला दिसत नाही आणि माझ्या वरच्या कंपनीलाही दिसत नाही. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव लेखी आदेश काढून एखाद्याच्या नेटवर नजर ठेवायला सांगू शकतो, तसा आदेश आला तर नेट कंपनीला नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं तर सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण आदेश आला म्हणून कुलूप उघडत नाही, बाहेरनं जेवढं दिसतं तेवढंच दिसतं.

आता पैसे मधल्या मध्ये काढून घेण्याचं. समजा मीच चोर आहे आणि तुमच्या घरातनं निघालेला बिटकॉइनचा व्यवहार मी लाइनीत पकडला. त्या व्यवहारावर तुमच्या वॉलेटमधल्या, म्हणजे क्रिप्टो सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधल्या, गुप्त किल्लीनं केलेली डिजिटल सही असते आणि ती सही त्या रकमेला आणि त्या पत्त्याला बांधलेली असते. मी त्यातला एक आकडा बदलला, तुमच्या मित्राच्या पत्त्याऐवजी माझा पत्ता घातला, की सही जुळत नाही आणि जगभरातले जे हजारो कॉम्प्युटर हे व्यवहार तपासत बसलेले असतात ते तो व्यवहार सरळ फेकून देतात. किल्ली तुमच्या फोनमध्येच राहते, लाइनीत उतरतच नाही. त्यामुळं मी फार तर तो व्यवहार पुढं जाऊ न देता दाबून ठेवू शकतो, पण खिशात घालू शकत नाही. हे माझ्या प्रामाणिकपणावर अवलंबून नाही, सहीचं गणितच तसं आहे, आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगत असतो.

मग दाबून तरी ठेवता येतं काय? थोडंफार येतं. बिटकॉइनचं सॉफ्टवेअर २००९ पासून ८३३३ नंबरच्या पोर्टवर बोलत आलंय आणि कितीतरी वर्षं ते बोलणं उघड्या भाषेत चालायचं, म्हणजे एखाद्या नेट कंपनीनं ठरवलं तर हे बिटकॉइनचं बोलणं आहे हे ओळखून बंद करणं अवघड नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर ह्या मुख्य सॉफ्टवेअरच्या २६ व्या आवृत्तीत ते बोलणं झाकायची सोय आली आणि एप्रिल २०२४ च्या २७ व्या आवृत्तीपासनं ती आपोआप चालू असते, त्यामुळं आता ओळखणंच कठीण झालंय. आणि मुळात एक साधा व्यवहार असतो काही शे बाइटचा, सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या फुलांच्या फोटोपेक्षा कितीतरी लहान, तो जगातल्या एका जरी कॉम्प्युटरपर्यंत पोचला तरी तिथनं पुढं आपोआप पसरतो. व्हीपीएन, टॉर ह्या नेटवरचा रस्ता लपवणाऱ्या सोयींमधनं पाठवा, दुसऱ्या देशातल्या मित्राला मेसेज करून त्याच्याकडनं पाठवा. २०१७ पासून तर ब्लॉकस्ट्रीम नावाची कंपनी सगळी ब्लॉकचेन, म्हणजे झालेल्या सगळ्या व्यवहारांची वही, सॅटेलाइटवरनं प्रसारित करते, म्हणजे ती वाचायला नेटसुद्धा लागत नाही. इतकी दारं असताना शहापुरातल्या माझ्या एका बॉक्समध्ये बंदी घालून काय होणार आहे.

चीनचं उदाहरण बघा. त्यांच्याइतकी कडक इंटरनेट भिंत कुणाकडं नाही. २०१७ मध्ये त्यांनी एक्स्चेंज बंद केले, मे २०२१ मध्ये मायनिंगवर, म्हणजे कॉम्प्युटर लावून वहीचं नवीन पान भरायच्या आणि त्याबदल्यात बिटकॉइन कमवायच्या धंद्यावर, कारवाई सुरू केली, २४ सप्टेंबर २०२१ ला क्रिप्टोचे सगळेच व्यवहार बेकायदा ठरवले. आणि एवढं करून केंब्रिज विद्यापीठाच्या आकडेवारीत जानेवारी २०२२ ला चीनमधलं मायनिंग जगाच्या साधारण २१ टक्के दिसत होतं. मग बाकीच्यांचं काय.

पूर्ण नेटच बंद केलं तर? ते सरकार करू शकतं आणि आपल्याकडं ते बऱ्याचदा करतंही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला बंद झालेलं फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. इतकं लांब कशाला, जून २०२३ मध्ये स्टेटसवरनं वाद पेटला तेव्हा आपल्या कोल्हापुरात नेट बंद केलं होतं, इथल्या कितीतरी घरांतल्या लेकी तिकडं दिलेल्या आहेत, त्यांना विचारा, दुकानात फोनपे चालत नव्हता, हातात रोकड नसलेल्या माणसाला दूधसुद्धा मिळत नव्हतं. पण त्याच वेळी इकडं कोगनोळी ओलांडली की निपाणीत सगळं चालू, कारण आदेश महाराष्ट्राचा. उलटं धरा, उद्या कर्नाटकानं बेळगाव जिल्ह्यात बंद केलं तर बाची, कुद्रेमानीकडच्या माणसाचा फोन चंदगड तालुक्यातला टॉवर पकडतोय. आपण सीमेवरची माणसं, टॉवरला हद्द कळत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि नेट बंद झालं म्हणून तुमचं बिटकॉइन कुठं जात नाही, वही बाकीच्या जगात चालूच असते, दर दहा मिनिटाला साधारण एक पान भरतच असतं, तुमचं फक्त पाठवायचं थांबतं. नेट आलं की परत सुरू. म्हणजे नेट बंद करून क्रिप्टो थांबवायचं म्हटलं तर क्रिप्टोवाल्याचं थोडं खोळंबतं, आणि भाजीवाल्याचं, औषधाच्या दुकानदाराचं, ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या पोराचं मात्र सगळं बुडतं.

नेटवर्कच्या वाटेनं चोऱ्या अजिबात झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही, झाल्यात, पण त्या वेगळ्या तऱ्हेनं झाल्यात. इंटरनेटवर कुठला रस्ता कुठं जातो हे कंपन्या एकमेकींना सांगत असतात, त्याला बीजीपी म्हणतात, आणि त्यात खोटं सांगून रस्ता वळवता येतो. २०१४ मध्ये एका कॅनडातल्या नेट कंपनीच्या यंत्रणेतनं असे रस्ते वळवून कुणीतरी मायनिंग करणाऱ्यांची साधारण ८३ हजार डॉलरची कमाई पळवली. एप्रिल २०१८ मध्ये मायइथरवॉलेट ह्या क्रिप्टो वॉलेटच्या साइटकडं जाणारी माणसं अशीच एका नकली साइटवर नेली गेली आणि साधारण दीड लाख डॉलर गेले. पण त्यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या माणसांच्या ब्राउझरनं लाल रंगात इशारा दिला होता, ही साइट खरी वाटत नाही म्हणून, आणि ज्यांनी तो इशारा बाजूला सारून पुढं जा दाबलं आणि किल्ली टाइप केली त्यांचेच गेले. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं होतं की मधली नेट कंपनी एखाद्याला नवीन ब्लॉक, म्हणजे वहीचं नवीन पान, वीस मिनिटांपर्यंत उशिरा पोचेल असं करू शकते आणि त्याला पत्ताही लागत नाही. व्यापाऱ्यासाठी हा धोका खरा आहे, माल द्यायच्या आधी पैसे पक्के झाले की नाही हे जरा थांबून बघावं लागतं.

आणि ह्यात एक गोष्ट आपल्या हातातली आहे म्हणून सांगतो. मी घरोघरी जातो तेव्हा दहातल्या बऱ्याच राउटरचा पासवर्ड कंपनीनं दिलेला तोच अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असतो. बाहेरच्या कुणी त्यात घुसून डीएनएस बदलला की तुम्ही बँकेचं नाव टाकाल आणि भलत्याच ठिकाणी पोचाल. ह्याला सरकार लागत नाही आणि कंपनीही लागत नाही, एक रिकामटेकडा पोरगा पुरतो. नेटवाल्याला बोलवा, पासवर्ड बदलून घ्या, आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

इथपर्यंत वाचून एजंट लोक खुश होतील, की बघा, आम्ही सांगत होतोच, सरकारला हात लावता येत नाही. पण पुढचं जे आहे ते मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही. सरकारला लाइनीत हात घालायची गरजच नाही. माणूस राहतो बेळगावात, कांदा-बटाटा घेतो रविवार पेठेत, पोराची फी भरतो रुपयात, म्हणजे क्रिप्टो घ्यायला रुपया द्यावा लागतो आणि वापरायला परत रुपया करावा लागतो, आणि हे दोन्ही बँकेच्या दारातनं होतं. सरकार त्या दारात उभं आहे. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली, एकाही नेट कंपनीला काही सांगितलं नव्हतं, तरी देशातले एक्स्चेंज आजारी पडले, काही बंदच झाले. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं तेव्हा कुठं त्यांनी श्वास घेतला. नंतर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स आला, तोटा कशातनं वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं, म्हणजे आधार, पॅन, संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट सगळं आलं.

साइट ब्लॉक करणंही झालंय. २८ डिसेंबर २०२३ ला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटनं बायनान्स, कूकॉइन धरून नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या साइट बंद झाल्या, अ‍ॅपल आणि गूगलच्या स्टोअरमधनं अ‍ॅप गेले. तेव्हा मला कितीतरी फोन आले, काय हो तुमचं नेट बिघडलंय, अ‍ॅप उघडेना. व्हीपीएन लावून उघडणारे होतेच. पण शेवटी कोण नमलं? कूकॉइननं मार्च २०२४ ला दंड भरून नोंदणी केली, बायनान्सला जूनमध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला, आणि ते परत भारतात नियमात राहून धंदा करायला लागले. नायजेरियात २०२१ ला बँकांना मनाई केली तेव्हा लोक एकमेकांत व्यवहार करायला लागले, फेब्रुवारी २०२४ ला तिथंही साइट अडवल्या. सगळीकडं हीच तऱ्हा आहे, चेन मोकळी राहते आणि चेनवर चढायची-उतरायची जागा सरकारच्या हातात राहते.

शिवाय लपून राहतं हाही गैरसमज. बिटकॉइनची वही म्हणजे गावच्या चावडीवर लावलेला कागद आहे, येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो आणि कुणालाही खोडता येत नाही. नाव लिहिलेलं नसतं, नुसता पत्ता असतो, पण एकदा का त्या पत्त्यावरनं पैसे एखाद्या केवायसी केलेल्या एक्स्चेंजवर आले की मागचे सगळे व्यवहार त्या नावाला चिकटतात. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन कंपनीनं हॅकरांना ७५ बिटकॉइन खंडणी दिली, पुढच्याच महिन्यात एफबीआयनं त्यातले ६३.७ परत मिळवले. त्यांनी आधी ती वही वाचत वाचत पैसे कुठल्या पत्त्यावर थांबलेत ते शोधलं आणि त्या पत्त्याची किल्ली त्यांच्या हातात आली. आणि आपल्याकडची पोरं जे सगळ्यात जास्त वापरतात ते यूएसडीटी तर एका कंपनीचं आहे, टेदर म्हणून, ती कंपनी कुठलाही पत्ता गोठवू शकते आणि पोलिसांच्या सांगण्यावरनं गोठवतेही. कुणीच हात लावू शकत नाही म्हणणाऱ्या एजंटाला हे विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

आता मूळ दुखणं. आमच्या शेजारचा एक मुलगा आहे, आयटीआय करून उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागलेला, सरळ पोरगा. टेलिग्रामवर त्याला कुणीतरी सांगितलं की यूएसडीटी घे आणि ग्रुपमध्ये वीक, बाजारापेक्षा चढा रेट मिळतो, टीडीएस नाही, भानगड नाही. सुरुवातीला चार पैसे सुटलेही. एक दिवस पगार झाला म्हणून एटीएमला गेला तर पैसे निघेनात. बँकेत गेला, काउंटरवरच्या बाईनं स्क्रीनवर बघून सांगितलं, "सायबरकडनं होल्ड आलाय." कुठल्या सायबरकडनं? दुसऱ्याच एका राज्यातल्या. कुणाची तक्रार? माहीत नाही. किती दिवस? माहीत नाही. एका चिठ्ठीवर एक लांबलचक नंबर लिहून दिला आणि म्हणे त्यांच्याशी बोला. तो नंबर घेऊन पोरगा माझ्याकडं आला, कारण त्याला वाटलं नेटचं काहीतरी आहे म्हणजे नेटवाल्याला कळणार.

मी त्याच्या बरोबर बसून सगळं बघितलं तेव्हा झालं होतं ते असं. ज्यानं त्याच्याकडनं यूएसडीटी घेतलं त्यानं रुपये दिले होते तिसऱ्याच माणसाच्या खात्यातनं. ते रुपये कुठल्यातरी म्हाताऱ्याला डिजिटल अरेस्टची, म्हणजे पोलिस असल्याचं भासवून फोनवरनं अटकेची, भीती घालून लुटलेले. त्या म्हाताऱ्यानं तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, एका खात्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या, आणि चौथं खातं आमच्या पोराचं. चढा रेट का मिळत होता ते आता कळलं, चोराला घाणेरडा रुपया घाईनं संपवायचा होता आणि त्याबदल्यात स्वच्छ क्रिप्टो घेऊन जायचं होतं. त्याचं यूएसडीटी दोन-चार मिनिटात गेलं, त्याला ना सरकारनं अडवलं ना कुठल्या नेट कंपनीनं. अडकला तो फक्त आपल्या पोराचा पगार, आणि त्याच खात्यात आईनं भिशीचे ठेवलेले पैसे. आई बँकेच्या पायरीवर बसून सांगत होती, "माझं पोरगं चोर न्हवं ओ, काय करूलालेत हे आमचं?" तिला काय उत्तर द्यायचं हे तिथं कुणालाच कळत नव्हतं.

असे आता खानापुरातही आहेत, निपाणीतही आहेत, मला नेटच्या कामानिमित्त भेटतात म्हणून माहीत. पोरानं टेलिग्रामवर अनोळखी माणसाला विकायला नको होतं हे खरंच, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. पण शिक्षा कशाची आणि किती? विवादातली रक्कम असते काही हजारांची आणि गोठतं अख्खं खातं. केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम लिहिलीय तेवढीच अडकवा, बाकीचं खातं चालू ठेवा. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? आपल्याकडच्या बँकांनी तेवढं तरी करावं. पोलिसांना संपत्ती जप्त करायचा अधिकार नागरिक सुरक्षा संहिता ह्या नवीन कायद्याच्या कलम १०६ खाली आहे, पण त्याच कलमात मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायचं पण लिहिलंय, मग खातेदाराला एक साधं पत्र का मिळत नाही, की बाबा अमुक तक्रार, अमुक पोलिस ठाणं, अमुक रक्कम, ह्या तारखेला येऊन तुझी बाजू मांड?

आणि ते पत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत पाहिजे. बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या, पोलिस ठाण्यात गेलं, बँकेत गेलं, की कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. येळ्ळूर, कंग्राळी, बेळगुंदीचा माणूस शिकला मराठी शाळेत, त्याला सायबरचा होल्ड, लीन, लेयर हे शब्द इंग्रजीतच समजावून सांगायचे म्हणजे त्याला अंधारात ढकलल्यासारखंच आहे. इथं मी सीमाप्रश्न उकरत नाही, तो आपल्या जागी आहे, पण ज्याचा पगार अडकलाय त्याला निदान कशासाठी अडकलाय ते मराठीत कळावं एवढं मागणं जास्त आहे असं मला वाटत नाही.

सरकारला आमच्या बाजूनंही एक सांगायचंय. क्रिप्टो अडवायचं म्हणून नेट कंपन्यांना सरसकट पत्ते ब्लॉक करायला लावू नका. एका आयपी पत्त्यावर कितीतरी साइट बसलेल्या असतात, एक अडवायला गेलं की शेजारच्या दहा जातात, आणि साइट ब्लॉक करायचे आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचे आदेश गुप्त असतात त्यामुळं गिऱ्हाइकाला खरं कारण सांगायचीही चोरी, शिव्या आम्ही खायच्या. आणि एवढं करून चोर व्हीपीएन लावून निवांत असतो. जिथं काम होतं तिथं जोर लावा, म्हणजे रुपयाच्या दारात. भाड्यानं दिलेली खाती, हजार-दोन हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकणारी कॉलेजची पोरं, त्यांना गोळा करणारे दलाल, हे सगळं आपल्याच गल्लीतनं चालतं. त्यासाठी इंटरनेट अडवायची काही गरज नाही.

हॉलमधल्या मीटिंगांकडंही कुणीतरी बघायला हवं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं असल्यामुळं आपल्याकडं घरटी फौजी आहे, रिटायर झाल्यावर हातात एकरकमी पैसा येतो, आणि एजंटांचा डोळा नेमका त्यावर. ज्या काकांनी मला प्रश्न विचारला त्यांनाही महिन्याला दहा टक्के परतावा सांगितला होता. मी त्यांना म्हटलं, काका, बिटकॉइनची सही तोडणं कुणाला जमत नाही हे खरं, पण एजंटाच्या अ‍ॅपमध्ये जो आकडा दिसतो तो बिटकॉइनच नाही, तो नुसता आकडा आहे, किल्ली तुमच्याकडं नसेल तर पैसा पण तुमच्याकडं नाही. गेनबिटकॉइन ह्या योजनेत हजारो लोक असेच बुडाले. आणि नोंदणी केलेल्या मोठ्या एक्स्चेंजचंही तेच, जुलै २०२४ ला वझीरएक्सवरनं साधारण २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं तेव्हा लोकांना कितीतरी महिने स्वतःचे पैसे काढता येत नव्हते. काका सुभेदार म्हणून रिटायर झालेत, त्यांना पटलं, पण सगळ्यांच्या घरी नेटवाला जाऊन बसत नाही.

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या पेपरात पहिल्या पानावर रोज थोडी जागा असते, तिथं १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर मराठीत मोठ्या अक्षरात छापा आणि खाली एक ओळ, की पैसे गेले असं कळल्याबरोबर, पोराला नाहीतर जावयाला विचारत न बसता, आधी हा नंबर लावा. रुपया एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात असतो तोपर्यंत बँक तो थांबवू शकते. एकदा त्याचं यूएसडीटी झालं आणि चोराच्या वॉलेटमध्ये गेलं की मग माझ्या फायबरमध्ये, वरच्या कंपनीत, बेंगळूरला आणि दिल्लीला बसलेल्या कुणाच्याही हातात ते परत ओढून आणायची दोरी जवळजवळ राहत नाही. आणि ज्यांची खाती अडकलीत त्यांच्यासाठी एक रविवारची पुरवणी काढा, कुठं अर्ज करायचा, काय काय कागद जोडायचे, स्टेटमेंट, चॅट, व्यवहाराचा हॅश म्हणजे ओळख-नंबर, सगळं मराठीत. तांत्रिक भाग लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक फायबर-केबल चालक,
शहापूर, बेळगाव